अवधीची तोंडओळख: मराठी वाचकांना पडणारे नेहमीचे प्रश्न

अवधीबद्दल मराठीत कुणाशी बोलायला लागलं, की तेच तेच प्रश्न समोर येतात. 'ती हिंदीच ना?' हा त्यातला पहिला. असे प्रश्न आणि त्यांची जमतील तेवढी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. व्याकरण अवघड वाटलं तर तो भाग ओलांडून शब्दांकडे जावं, पण जमलं तर ओलांडू नये. खरी गंमत तिथेच आहे.

मी अवधी कधी ऐकली आहे का?

शनिवारी मारुतीच्या देवळात गेला असाल, तर ऐकलीही आहे आणि बहुधा म्हटलीही आहे. हनुमान चालीसा घ्या. 'भूत पिसाच निकट नहिं आवै। महाबीर जब नाम सुनावै॥' यातलं 'आवै' हिंदीच्या पुस्तकात सापडणार नाही. तिथे 'आता है' किंवा 'आए' असेल. 'पिशाच'चं 'पिसाच', 'युग'चं 'जुग', 'योजन'चं 'जोजन' आणि 'यम'चं 'जम' झालंय, ते मुद्रणदोष नव्हेत. अवधीचा उच्चारच तसा आहे.

त्याच चालीसेत 'राम दुआरे तुम रखवारे। होत न आज्ञा बिनु पैसारे॥' अशी ओळ आहे. 'पैसारे' म्हणजे आत शिरणं, प्रवेश. जुन्या मराठीत 'पैसणे' म्हणजे हेच. पाचवीतल्या मुलाला हिंदीच्या आधारे ही ओळ समजावताना आपण अडखळतो, पण जुनी मराठी वाचणाऱ्याला ती सहज कळते.

चालीसा मात्र निव्वळ अवधी नाही. 'लील्यो', 'तुम्हरो' अशी ब्रजकडे, म्हणजे मथुरेकडच्या भाषेकडे, झुकणारी रूपंही तिच्यात येतात. त्या काळच्या कवितेत ही सरमिसळ सर्रास चाले.

ही भाषा बोलतात कुठे?

अयोध्येवरून 'अवध' आणि अवधवरून 'अवधी'. इंग्रज 'औध' लिहीत असत, म्हणून जुन्या इंग्रजी कागदांत तो प्रांत भलत्याच नावाने भेटतो. आजच्या उत्तर प्रदेशाच्या मधल्या पट्ट्यात अयोध्या, बाराबंकी, सुलतानपूर, अमेठी, रायबरेली, प्रतापगड, उन्नाव, सीतापूर, लखीमपूर खेरी, गोंडा, बहराइच, बलरामपूर आणि आंबेडकरनगर हे जिल्हे येतात. गंगेच्या दक्षिणेला फतेहपूर, कौशांबी आणि प्रयागराजचा बराच भाग. जौनपूर-मिर्झापूरकडे ती हळूहळू भोजपुरीत मिसळत जाते. अमुक गावाच्या वेशीवर अवधी संपली असं होत नाही. भाषेला टोलनाका नसतो.

लखनौ अवधच्या मधोमध आहे, पण शहराची ओळख उर्दू आणि तिथली नजाकतदार हिंदुस्तानी हीच. अवधी ऐकायची तर शहराबाहेर पडून बाजारच्या गावाला जावं लागतं.

सीमेपलीकडे नेपाळच्या तराईतही ती आहे. बांके, कपिलवस्तू, रूपन्देही या जिल्ह्यांत ती बोलतात आणि नेपाळगंज हे तिथल्या अवधीचं मोठं ठिकाण आहे. २०११च्या नेपाळी जनगणनेत सुमारे ५ लाख लोकांनी आपली मातृभाषा अवधी असल्याचं सांगितलं.

भारतात किती लोक अवधी बोलतात?

२०११च्या जनगणनेत हिंदीच्या पोटात 'अवधी' या नावाखाली सुमारे साडेअडतीस लाख लोकांची नोंद आहे. या आकड्यावर विसंबू नका. एकट्या प्रतापगड जिल्ह्याची लोकसंख्या त्याच जनगणनेत ३२ लाख होती, आणि असे डझनभर जिल्हे आहेत. जनगणनेचा माणूस दारात आला, की घरात अखंड अवधी बोलणारी बाईसुद्धा मातृभाषा 'हिंदी' सांगते. खोटं बोलायचा तिचा हेतू नसतो. आपण बोलतो ते 'गावाकडचं' आणि कागदावर लिहायची ती 'भाषा', हे शाळेने तिच्या मनात घट्ट बसवलेलं असतं. खरा आकडा कोटींत जातो, यावर अभ्यासकांचं एकमत आहे.

मग ती हिंदीची बोली की स्वतंत्र भाषा?

हा प्रश्न जितका भाषेचा तितकाच राजकारणाचा, त्यामुळे दोन्ही बाजू सांगतो.

जॉर्ज ग्रियर्सन या ब्रिटिश भाषाभ्यासकाने 'भारताचं भाषिक सर्वेक्षण' केलं, त्याचा सहावा खंड १९०४ साली निघाला. त्यात त्याने अवधी, बघेली आणि छत्तीसगढी या तिघींचा 'पूर्वी हिंदी' असा वेगळा गट केला. दिल्ली-मेरठकडची खडीबोली (आजच्या हिंदीचा पाया) आणि मथुरेची ब्रज 'पश्चिमी हिंदी'त गेल्या. भोजपुरी, मैथिली आणि मगही 'बिहारी'त. म्हणजे अवधी या दोन्ही गटांच्या मध्ये उभी आहे. परंपरेने पश्चिमी हिंदीचं मूळ शौरसेनी प्राकृतात आणि अवधीचं अर्धमागधीत मानतात. पुढे बाबूराम सक्सेना यांनी १९३७ साली अवधीच्या विकासावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तिचं व्याकरण बारकाईने मांडलं. त्यानंतर 'अवधीला व्याकरण नाही' असं म्हणायला कुणाला जागा उरली नाही. तरी लोक म्हणतातच.

कायद्याच्या दृष्टीने मात्र अवधी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांत नाही. छापील हिंदी साहित्याच्या इतिहासात 'पद्मावत'कार जायसी आणि तुलसीदास 'हिंदीचे कवी' म्हणून येतात आणि अवधी 'हिंदीची बोली' म्हणून. कवी घरात घेतला आणि त्याची भाषा ओसरीवर ठेवली, असा हा प्रकार. माझं मत विचाराल तर ज्या भाषेचं क्रियापद वेगळं चालतं, ती वेगळी भाषा. अवधीचं क्रियापद हिंदीपेक्षा फारच वेगळं चालतं. ते पुढे येईलच.

डब्यातला माणूस अवधी बोलतोय की भोजपुरी, हे कसं ओळखायचं?

मुंबईतल्या माणसाच्या कामाचा प्रश्न. पुष्पक लखनौहून येते, साकेत आणि तुलसी अयोध्येकडून, उद्योगनगरी प्रतापगडहून. या गाड्यांच्या डब्यांत दोन्ही भाषा ऐकू येतात, आणि आपण दोन्हींना सरसकट 'भैया लोकांची भाषा' म्हणून मोकळे होतो.

'गेला' या अर्थाचा शब्द कानावर येईपर्यंत थांबा. 'गइल' ऐकू आलं तर भोजपुरी. 'गवा' ऐकू आलं तर अवधी. 'गयो' असेल तर ब्रज किंवा बुंदेलीकडचा माणूस आणि 'गया' असेल तर शाळेतली हिंदी. भोजपुरीच्या भूतकाळात 'ल' येतो (देखलस, गइल), आणि मराठीच्याही (पाहिलं, गेलं). अवधीत तो 'ल' नाही. 'त्याने पाहिलं' याला अवधीत 'ऊ देखिस' म्हणतात. त्यामुळे भूतकाळापुरती भोजपुरी आपल्याला जवळची वाटते. बाकी बऱ्याच बाबतीत अवधी जवळ येते.

उच्चारांचं काय?

मराठी जिभेला अवधी हिंदीपेक्षा सोपी जाते. हिंदी बोलताना आपण 'पैसा', 'और' यांचे उच्चार 'पइसा', 'अउर' असे करतो आणि दिल्लीवाले हसतात. अवधीत बरोबर असंच म्हणतात. अवधी लिहिणारे तर लिहितानाही 'पइसा', 'अउर', 'भइया' असंच लिहितात.

काही ठळक खुणा: 'श'चा 'स' होतो, 'ण'चा 'न', शब्दाच्या सुरुवातीच्या 'य'चा 'ज' आणि 'व'चा बहुतेकदा 'ब'. 'वर्षा'ची 'बरखा', 'यजमान'चा 'जजमान'. अनेक शब्दांत 'ल'च्या जागी 'र' येतो. फळ म्हणजे 'फर', थाळी म्हणजे 'थारी', जळणं म्हणजे 'जरब'. 'ळ' मात्र नाही. तेवढं दुःख पचवावं लागतं.

शब्दाच्या शेवटी येणारे ऱ्हस्व इ आणि उ हीदेखील एक नाजूक गोष्ट आहे. 'आँखि', 'चारि', 'तीनि' म्हणताना शेवटची 'इ' इतकी हलकी असते, की ओठांवर दिसते पण कानाला जेमतेम कळते. सक्सेनांनी अशा कुजबुजत्या स्वरांची खास नोंद घेतली होती.

'लरिकवा', 'घरवा' यातला 'वा' कशासाठी?

अवधीतल्या नामाला तीन तीन रूपं असू शकतात. घोडा म्हणजे 'घोड़', 'घोड़वा' आणि 'घोड़उना'. मुलगा म्हणजे 'लरिका', 'लरिकवा', 'लरिकउना'. पहिलं साधं. दुसरं ओळखीचं, 'तो आपला माहितीतला' अशा सुराचं. तिसऱ्यात लाड असेल किंवा तुच्छता, ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरतं. आपण 'पोरगा', 'पोरगं', 'पोट्टा', 'कार्टं' यातून जे साधतो, ते तिथे प्रत्ययातून होतं. माणसांच्या नावांनाही तो लागतो. रमेशचा 'रमेसवा' होतो, तेव्हा आई रागावली आहे की जवळ घेते आहे, हे बाहेरच्याने ठरवू नये.

व्याकरणात हिंदीपासून सगळ्यात मोठा फरक कुठे?

'ने' नाही. एवढंच म्हणून थांबलं तरी चालेल, पण थोडं उलगडतो.

मराठीत 'मुलगा वाचतो', पण 'मुलाने पुस्तक वाचलं'. भूतकाळात कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद पुस्तकाच्या मागे जातं. हिंदीतही तसंच: 'लड़के ने किताब पढ़ी'. मुलगा वाचणारा असूनही क्रियापद स्त्रीलिंगी, कारण किताब स्त्रीलिंगी. अवधीत 'लरिका किताब पढ़िस'. मुलगा हाच कर्ता, क्रियापद त्याचंच ऐकतं. पुस्तकाच्या लिंगाशी त्याला घेणंदेणं नाही. अनेक जण असतील तर 'पढ़िन'. मी किंवा आम्ही असू तर 'हम पढ़ेन'. म्हणजे भूतकाळाच्या क्रियापदावरूनच कुणी केलं ते कळतं.

त्यामुळे अवधच्या खेड्यातला माणूस हिंदी बोलताना 'हम खाना खाये' म्हणतो, तेव्हा शहरी लोक 'याला ने कुठे लावायचा कळत नाही' असं म्हणून नाक मुरडतात. त्याला कळत नाही असं नाही. त्याच्या मातृभाषेत 'ने' नाहीच, आणि त्याने आपल्या व्याकरणाचा नियम तंतोतंत पाळलेला असतो.

विभक्तीत आणखी दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. 'मध्ये' या अर्थी हिंदीतल्या 'में'ऐवजी 'मा' येतो: 'घर मा', 'गाँव मा'. 'ला' या अर्थी 'का': 'हमका', 'ओहका'. 'चा-ची-चे'साठी 'कै' किंवा 'केर': 'राम कै घर'. आणि 'घरी' या अर्थाने नुसतं 'घरे' म्हणतात. ते 'घरे' आणि आपलं 'घरी' एकाच जुन्या सप्तमीच्या पोटचे.

भविष्यकाळ 'ब' ने होतो म्हणजे काय?

'मी जाईन' याला अवधीत 'हम जाब'. 'मी करीन' म्हणजे 'हम करब'. 'तो करील' म्हणजे 'ऊ करी' किंवा 'करिहै'.

हा 'ब' आला कुठून? संस्कृतात 'कर्तव्य', 'गन्तव्य' अशा शब्दांत जो '-तव्य' आहे, त्यातून. म्हणजे 'करण्याजोगं, करायचं आहे ते'. प्राकृतातून येता येता तो झिजला. पूर्वेकडे त्याचा 'ब' झाला आणि 'करायचं आहे'चा अर्थ 'करीन' असा झाला. तोच '-तव्य' आपल्याकडेही आला आणि त्याचा 'वा' झाला: 'करावा', 'करावी', 'करावे'. अवधीतल्या शेतकऱ्याचं 'करब' आणि आपल्या शाळेतल्या फळ्यावरचं 'गृहपाठ करावा' ही सख्खी भावंडं आहेत. एकाने वचन दिलं, दुसऱ्याने आज्ञा. मला या भाषेतली ही जागा सगळ्यात आवडते.

'करिहै'चं मूळ मात्र वेगळं: संस्कृत 'करिष्यति'. एकाच काळात दोन घराण्यांची रूपं शेजारी शेजारी नांदतात.

मी, तू, तुम्ही कसं म्हणायचं?

'मैं' पश्चिमेकडच्या भागात ऐकू येतं, पण सर्वसाधारणपणे एकटा माणूसही स्वतःला 'हम' म्हणतो. त्यात बडेजाव नाही. 'तैं' अगदी जवळच्याला, लहानाला किंवा भांडणात. 'तू' हिंदीसारखं उर्मट नाही. पुष्कळ भागांत 'तू' म्हणून पुढे 'हौ' लावला, की ते मोठ्या माणसालाही चालतं: 'तू कहाँ जात हौ?' मराठी माणूस इथे दचकतो, कारण त्याला 'तू'च ऐकू येतं आणि 'हौ' निसटतो. 'आप' बाहेरच्यांसाठी, परक्यांसाठी.

तो म्हणजे 'ऊ', हा म्हणजे 'ई', ते म्हणजे 'उइ'. कोण म्हणजे 'को' किंवा 'के', काय म्हणजे 'का', जो म्हणजे 'जौन' आणि तो म्हणजे 'तौन'. माझं 'हमार', तुझं 'तोहार', आपलं 'आपन'. नाही म्हणजे 'नाहीं'. हा शेवटचा शब्द पाठ करायची गरज नाही.

मराठीशी जुळणारे शब्द कुठले? आणि फसवणारे?

जुळणारे पुष्कळ आहेत, काही तर थक्क करणारे. वडिलांची आई म्हणजे 'आजी' आणि वडिलांचे वडील 'आजा'. हिंदीच्या 'दादी-दादा'ला बगल देऊन अवधी आणि मराठी इथे भेटतात. नाव म्हणजे 'नाँव'. सांज म्हणजे 'सँझा'. वहिनी म्हणजे 'भउजी', आपली भावजय. चांगलं म्हणजे 'नीक', आणि ज्ञानेश्वरीतलं 'निकें' आठवा. ओसरी म्हणजे 'ओसार'. मीठ म्हणजे 'लोन'. आपलं लोणचं त्याच मिठातलं. डोकं म्हणजे 'मूड़', आपलं मुंडकं. थोरला भाऊ 'भइया', आणि एका आदराच्या शब्दाचं मुंबईत आपण काय केलं, ते सगळ्यांना माहीत आहे.

आता फसवे. 'घाम' म्हणजे घाम नव्हे, ऊन. 'घाम मा न जाव' म्हणजे उन्हात जाऊ नकोस. दोन्ही शब्द संस्कृत 'घर्म'मधून, म्हणजे उष्णतेतून आले. तिथे कारणाला नाव मिळालं, इथे परिणामाला. 'गोड़' म्हणजे पाय, चवीशी संबंध नाही. 'गोड़ पिरात है' ऐकून कुणी मिठाईची अपेक्षा करू नये, त्याचे पाय दुखताहेत. 'बार' म्हणजे केस. 'जर' म्हणजे ताप. 'मूड़ पिरात है' म्हणजे मूड गेलेला नाही, डोकं दुखतंय, अर्थात एकामागोमाग दुसरं येतंच.

याखेरीज रोजचे काही: मनई (माणूस), मेहरारू (बाई, बायको), बिटिया (मुलगी), महतारी (आई), पतोहू (सून), पिसान (पीठ), चाउर (तांदूळ), बासन (भांडी), ऊख (ऊस), बयार (वारा), अँजोर (उजेड), बिहान (उद्या, सकाळ), ढेर (खूप), करिया (काळा), पियर (पिवळा), हरियर (हिरवा).

अवधीत तुलसीदासांच्या आधी कुणी लिहिलं की नाही?

भरपूर. बाराव्या शतकात बनारसमध्ये दामोदर पंडितांनी 'उक्तिव्यक्तिप्रकरण' हा ग्रंथ लिहिला. लोकभाषेच्या आधारे संस्कृत शिकवायचं हा त्याचा हेतू. त्यात आलेली लोकभाषा ही जुन्या कोसलीचा, म्हणजे अवधीच्या पूर्वरूपाचा, मोठाच पुरावा ठरला.

नंतर आले सूफी कवी. रायबरेली जिल्ह्यातल्या डलमऊ इथे मुल्ला दाऊद यांनी १३७९ साली 'चंदायन' रचलं. लोरिक आणि चांदा यांची ही प्रेमकथा मुळात अहिरांमध्ये गायली जाणारी. दिल्लीत एक धर्मोपदेशक मशिदीच्या मिंबरावरून, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावरून, या काव्यातल्या ओळी म्हणत, अशी नोंद अकबराच्या काळातला इतिहासकार बदायुनी करून ठेवतो. या काव्याची एक जुनी सचित्र पोथी मुंबईत आहे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. त्यातली काही पानं पाहायला मिळाली तर घाई करू नका. अवधी काव्य, फारसी लिपी आणि भारतीय चित्रशैली एकाच कागदावर आहेत.

मग कुतबनची 'मिरगावती' (१५०३), मलिक मुहम्मद जायसींचं 'पद्मावत' (१५४०), मंझनची 'मधुमालती' (१५४५). जायसी आजच्या अमेठी जिल्ह्यातल्या जायस गावचे. त्यांची अवधी तुलसीदासांपेक्षा जास्त ठेठ, मातीतली. संस्कृत शब्दांची झूल कमी. या सगळ्यांनी चौपाया आणि मध्ये दोहा असा जो साचा घडवला, तोच पुढे तुलसीदासांनी घेतला. मुसलमान सूफींनी पाडलेल्या वाटेवरून रामकथा गेली, ही गोष्ट हल्ली मोठ्याने सांगितली जात नाही.

तुलसीदासांनी अवधीच का निवडली?

ते अयोध्येत बसून रामाची गोष्ट सांगत होते, आणि अयोध्येचे लोक जे बोलतात त्यात ती सांगावी, हे सरळ होतं. १५७४ साली त्यांनी रामचरितमानस सुरू केलं आणि तारीख काव्यातच लिहून ठेवली: 'संबत सोरह सै एकतीसा। करउँ कथा हरि पद धरि सीसा॥' म्हणजे विक्रम संवत १६३१. इथलं 'करउँ' म्हणजे 'मी करतो'. त्यांना ब्रजही उत्तम येत होती. 'विनयपत्रिका', 'कवितावली' ब्रजमध्येच आहेत. म्हणजे ही निवड जाणूनबुजून केलेली.

चौपाईच्या प्रत्येक चरणात १६ मात्रा, दोह्याच्या प्रत्येक ओळीत १३ आणि ११. 'बरवै' नावाचं १२ आणि ७ मात्रांचं एक चिमुकलं वृत्तही आहे, ते अवधीच्या अंगालाच शोभतं. रहीमने त्यात सुंदर लिहिलंय.

आजच्या अवधी माणसाला मानस समजतं का?

बरंचसं. पण मानसची भाषा म्हणजे आजची बोलली जाणारी अवधी नव्हे. आपल्याला ज्ञानेश्वरी जितकी दूरची वाटते तितकं ते अंतर नाही. तुकोबांचा अभंग आणि आजची मराठी यांत जेवढं आहे, साधारण तेवढं म्हणावं.

लिहितात कुठल्या लिपीत?

आता देवनागरीत. पूर्वी हिशेब आणि पत्रव्यवहार कैथीत, आणि सूफी काव्यांच्या पुष्कळ पोथ्या फारसी लिपीत.

इतकं साहित्य असताना ती मागे का पडली?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला लिखाणाची भाषा म्हणून खडीबोली पुढे आली. शाळा, कचेरी, छापखाना सगळं तिच्याकडे गेलं. खडीबोलीला कवितेची भाषा बनवण्यासाठी ज्यांनी सर्वांत जास्त खटपट केली ते 'सरस्वती' मासिकाचे संपादक महावीरप्रसाद द्विवेदी स्वतः रायबरेलीच्या दौलतपूरचे, म्हणजे अवधीच्या बैसवाडी भागातले. हिंदीचे मोठे कवी निराला यांचं मूळ गाव गढाकोला, तेही उन्नावमधलं, बैसवाड्यातलंच. घरात एक भाषा, कागदावर दुसरी.

तरी लिहिणारे संपले नाहीत. बलभद्र प्रसाद दीक्षित 'पढ़ीस', वंशीधर शुक्ल आणि 'रमई काका' या नावाने लोकप्रिय झालेले चंद्रभूषण त्रिवेदी ही आधुनिक अवधीतली तीन मोठी नावं. रमई काकांचा विनोद लखनौ आकाशवाणीवरून घरोघरी पोचला. आणि बायकांनी तर कुणाला विचारलंच नाही. बाळ जन्मलं की सोहर, पावसात कजरी, लग्नात व्याह्यांना शिव्या देणारी गारी, हे अवधीतच चालतं. हिंदीत व्याह्याला शिवी दिली तर ती खरीच लागेल.

फिजीत अवधी बोलतात हे खरं का?

अवधीची लेक बोलतात असं म्हणू या. १८७९ ते १९१६ या काळात करारावर, म्हणजे गिरमिटावर, ६० हजारांहून अधिक भारतीय मजूर फिजीच्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले. उत्तरेकडून गेलेल्यांत बस्ती, गोंडा, फैजाबाद या जिल्ह्यांचे लोक फार होते. तिथे अवधी, भोजपुरी आणि बाजारी हिंदुस्तानी मिसळून 'फिजी हिंदी' घडली. तिच्यात आजही 'हमार' आहे, 'ऊ बोलिस' आहे आणि नातवंडं आजा-आजीच म्हणतात.

अवधशी मराठी माणसाचा काही जुना संबंध?

एक तर फारच विलक्षण. श्रीधर बळवंत जोधपूरकर नावाचा महाराष्ट्रीय ब्राह्मण गिरमिटिया म्हणून फिजीला गेला. परत आल्यावर तो अवधमध्ये बाबा रामचंद्र झाला. गावोगाव हिंडत, मानसच्या चौपाया म्हणत त्याने तालुकदारांच्या, म्हणजे बड्या जमीनदारांच्या, जाचाखाली पिचलेली कुळं एकत्र केली. 'सलाम' म्हणून वाकण्याऐवजी 'सीताराम' म्हणा, हे त्याचं सांगणं. जून १९२०मध्ये प्रतापगडचे काहीशे शेतकरी घेऊन तो अलाहाबादला चालत गेला, आणि तिथून जवाहरलाल नेहरू पहिल्यांदा खेड्यात ओढले गेले. नेहरूंनी आत्मचरित्रात त्याच्याबद्दल लिहिलं आहे. मराठी घरात जन्मलेल्या माणसाने अवधीतल्या ओळींनी अवधचे शेतकरी उठवले. शाळेत मला हे कुणी शिकवलं नाही.

सिनेमातले गावकरी बोलतात ती अवधी का?

क्वचित. बहुतेकदा ती अवधी, भोजपुरी आणि ब्रज यांची भेळ असते. 'मा', 'का', 'रहा' पेरले की झालं गाव. कानाला गोड लागते, पण तिच्यावरून अवधी शिकू नका.

शिकायची असेल तर सुरुवात कुठून करू?

गूगल ट्रान्सलेटमध्ये २०२४ पासून अवधी आहे, पण यंत्राआधी माणूस बरा. इमारतीचा रखवालदार, रिक्षावाले काका, भाजीवाली, यांच्यापैकी कुणीतरी सुलतानपूर-प्रतापगडकडचं निघेलच. ही वाक्यं पुरतील.

तुम्हार नाँव का है? (तुमचं नाव काय?)
कहाँ जात हौ? (कुठे निघालात?)
हम घरे जाइत है. (मी घरी चाललोय.)
ऊ काल्हि आवा रहा. (तो काल आला होता.)
हम बिहान जाब. (मी उद्या जाईन.)
ऊ रोटी खाइस, हम नाहीं खायेन. (त्याने पोळी खाल्ली, मी नाही खाल्ली.)
का हाल है? सब नीक है. (कसं काय? सगळं बरं आहे.)

'काल्हि'चा अर्थ काल आणि उद्या दोन्ही होतो, क्रियापदाकडे लक्ष ठेवा. आणि समोरचा वयाने मोठा असेल, तर या सगळ्याच्या आधी 'पाँय लागी' म्हणा. 'जियत रहौ' असं उत्तर येईल. त्यानंतर तो हिंदी सोडून अवधीत बोलायला लागतो. मग पहिली पाच मिनिटं काही कळलं नाही तरी मान हलवत राहायचं.